आमच्या काकांची डिलिव्हरी

भिवंडी तालुक्यात एखाद्या बाईला दिवस गेले, की ती बातमी आधी आमच्या काकांना कळते, मग त्या बाईला आणि सगळ्यात शेवटी तिच्या नवऱ्याला, असं माझं ठाम मत आहे. माझ्या बाबतीत तर हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत, एका सकाळी मी चहाचा कप तोंडापाशी नेला आणि नको वाटून परत खाली ठेवला. समोर ओटीवर बसलेले काका वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "सूनबाय, अंगणवाडीत नाव घातलंस का?" मला वाटलं, पेपरातलंच काहीतरी मोठ्यानं वाचतायत. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तीच बातमी सांगितली. माझा नवरा पेढे आणायला धावत निघाला आणि जाता जाता त्यानं काकांना विचारलं, "काका, तुम्हाला काय आणायचंय?" काका म्हणाले, "पेढे नको आनू. मी कवाच आनलेत. फ्रीजमध्ये हायत."

काका म्हणजे माझे चुलत सासरे. सत्तरीकडे झुकलेले, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे, रंगानं तव्याच्या बुडाशी स्पर्धा करणारे आणि आजन्म अविवाहित. तरुणपणी ते भिवंडीच्या लूममधून कापडाचे तागे टेम्पोत भरून बाजारात नेत. पुढे आमच्या गावी, वडप्याला, गोदामं आली, आमच्या शेतावरही एक उभं राहिलं, भाडं घरबसल्या येऊ लागलं आणि काकांना करायला काही उरलं नाही. "आपल्या शेतात आता काय पिकतं? खोके!" असं ते म्हणत आणि गोदामाच्या भिंतीकडे असं बघत, की जणू तिनं त्यांच्या पायावर पाय दिलाय. अशा रिकाम्या दिवसांत एकदा अंगणवाडीच्या ताईंनी त्यांना गरोदर बायकांच्या सरकारी योजनांची पत्रकं गावात वाटायला दिली. पत्रकं वाटण्याआधी काकांनी ती वाचली. ती त्यांच्या डोक्यात जी शिरली, ती पुन्हा बाहेर आलीच नाहीत. पहिल्या बाळाच्या वेळी आईला हप्त्याहप्त्यानं पैसे मिळतात, अंगणवाडीतून खाऊची पाकिटं मिळतात, दवाखान्यात न्यायला फुकट गाडी येते, बाळंतपणाला पैसा पडत नाही आणि परत घरी सोडायलाही गाडीच असते, हे वाचून ते थक्क झाले. "येवढं सगलं सरकार देतं आनि बायका घरात बसून लोणचं खातायत!" असं म्हणून त्या दिवसापासून त्यांनी तालुक्यातल्या तमाम पोटांची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली.

यात अडचण एकच होती. काका अतिशय लाजरे. 'गरोदर' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. मग त्यांनी आपल्या धंद्यातली भाषा वापरायला सुरुवात केली. पाटलांची सून 'लोड झाली', शिंप्याची मुलगी 'हाफ लोड हाय', आणि डिलिव्हरीला तर त्यांच्याकडे डिलिव्हरी हा हक्काचा शब्द होताच. पैसे यायला बँकेचं खातं आधारला जोडलेलं असावं लागतं, त्याला बँकवाले 'सीडिंग' म्हणतात. काकांनी ते 'शिडी' असं ऐकलं आणि तेच पक्कं केलं. रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही तरुण जोडप्याला थांबवून ते विचारत, "खात्याला शिडी लावली का?" आता आमच्या गावात सगळेच शिडी म्हणतात. परवा बँकेतला नवा साहेबसुद्धा शिपायाला म्हणाला, "या बाईंची शिडी बघ रे."

त्यांचा अंदाज नेहमी बरोबर येई असं मात्र नाही. एका हळदीला गावच्या उपसरपंचांची बहीण, चांगली भरल्या अंगाची बाई, मन लावून कैरीचं लोणचं खात होती. काका हळूच तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि दुसरीकडे बघत कुजबुजले, "बाय, तिसरा का चवथा?"

बाई म्हणाली, "तिसरी. तिसरी वाटी हाय. तुमच्या घरचं खाताव काय?"

"तसं न्हाय, हप्त्याचं बघून घे म्हनतो मी."

"हप्ते आमी येलेवर भरताव! फ्रीज आमचा, हप्ता आमचा, तुमाला कोनी सांगितलं?"

काकांनी मग धीर करून सरळ पोटाकडे बोट दाखवलं. पुढचं मी बघितलं नाही, कारण त्या बाईनं हातातली वाटी उचलली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. काका उरलेली हळद डीजेच्या खोक्यांमागे बसून राहिले आणि घरी आले तेव्हा त्यांना ऐकूही कमी येत होतं. तरी झोपताना म्हणालेच, "मना अजूनबी वाटतं, शंका घ्यायला जागा हाय."

अंगणवाडीतल्या खाऊच्या पाकिटांवर त्यांचा विशेष जीव. बायका ती घरी नेतात आणि आतलं पीठ शेळीला घालतात, हे कळल्यावर त्यांना फार लागलं. बायकांनी आवडीनं खावं म्हणून ते स्वतः त्या पिठाचे नाना प्रकार करून बघू लागले. त्यांनी केलेले लाडू मी विसरणं शक्य नाही. माझ्या नवऱ्यानं एक चावून बघितला आणि दुपारी दातांच्या डॉक्टरकडे गेला. उरलेल्यांपैकी एक काकांच्याच टेम्पोच्या मागच्या चाकाखाली दगडाऐवजी लावलेला मी पाहिला आणि उतारावरसुद्धा टेम्पो जागचा हलला नव्हता. अंगणवाडीच्या ताई शेवटी हात जोडून म्हणाल्या, "काका, एक तर तुम्ही अंगणवाडी चालवा, नाहीतर मला चालवू द्या."

आमच्या घरामागे काकांनी चार खोल्या बांधून गोदामातल्या कामगारांना भाड्यानं दिल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत नौशाद आणि शबनम हे उत्तर प्रदेशातलं कोवळं जोडपं राहायला आलं. नौशाद आमच्याच शेतावरच्या गोदामात माल चढवायचा-उतरवायचा, शबनम तिथंच खोके बांधायची. माझा मुलगा अंगणवाडीत जायला लागल्यापासून मीही त्याच गोदामाच्या ऑफिसात हिशेब बघते. शबनमनं एकदा जिन्याच्या पायरीवर बसून दम खाल्ला, एवढं काकांना पुरलं. त्यांनी तिचं नाव घातलं, तपासणीला नेलं आणि तिचं कामही सोडायला लावलं. "सरकार पैसा कशाला देता है? आराम करने कू. तू खोका बांधेगी, तो पैसा क्या आराम करेगा?" हे त्यांचं म्हणणं नौशादला एकदम पटलं. बहुतेक कळलं नसावं.

पण तपासणीत शबनमच्या अंगात रक्त फार कमी निघालं. तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी, आईकडे जायचं होतं. तिनं पिशव्याही भरून ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, इतका लांबचा प्रवास करायचा नाही, बाळंतपण इथंच दवाखान्यात करायचं. त्या संध्याकाळी ती खोलीच्या दारात बसून हुंदके देत होती आणि नौशाद शेजारी बसून चपलेचा अंगठा दुरुस्त करत होता, कारण त्याला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. काका अंगणात फेऱ्या मारत होते. अखेर थांबून म्हणाले, "तू आईकडे न्हाय जा सकती ना? मग आईला इकडे मंगाते है." जणू आई हा एखादा मालाचा नग असावा.

आणि अम्मा खरोखर आल्या. काका त्यांना आणायला टेम्पो घेऊन कल्याण स्टेशनवर गेले. अम्मांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून उतरणाऱ्या प्रत्येक बाईला ते "शबनम का अम्मा तुमीच क्या?" असं विचारत सुटले. अम्मांनी त्यांना लांबूनच ओळखलं, कारण फोनवर लेकीनं सांगितलं होतं, जो सगळ्यात जास्त घाबरलेला दिसेल तो आपला घरमालक. अम्मा होत्या जेमतेम पन्नाशीच्या. काठीसारख्या ताठ, डोक्यावर सत्तूचं पोतं आणि आवाज असा, की गोदामाच्या पलीकडचं कुत्रंही उठून बसेल.

"आवो अम्मा, आवो," काका अदबीनं म्हणाले.

"अम्मा?" त्यांनी काकांना खालून वर न्याहाळलं. "हम तुम्हारी अम्मा कहाँ से हो गए, भइया? बाल तो तुम्हारे सफेद हैं!"

त्या क्षणापासून त्या दोघांचं जे भांडण सुरू झालं, ते पुढे रोज चालू राहिलं. लोहाच्या गोळ्यांवरून तर रणच माजलं. त्या गोळ्या खाल्ल्या की मूल काळं होतं, असं अम्मांचं म्हणणं. डॉक्टरांनी समजावलं, ताईंनी समजावलं, मीही समजावून बघितलं. शेवटी काकांनी प्रतिज्ञा केली, की मी स्वतः खाऊन दाखवतो. औषधाच्या दुकानातून त्यांनी तसल्याच गोळ्या आणल्या आणि नेमानं घ्यायला लागले. त्यांचं पोट इतकं घट्ट झालं, की ते खुर्चीत बसतानासुद्धा देवाचं नाव घेत. पण हटले नाहीत. काही दिवसांनी छाती पुढे काढून अम्मांसमोर उभे राहिले. "देखो! मै इतना दिन गोली खाया. मै काला हुआ क्या?"

अम्मांनी त्यांच्याकडे बराच वेळ, सगळ्या बाजूंनी बघितलं. मग खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं, "भइया, पहले तुम कैसे थे?"

शबनम इतकी हसली, इतकी हसली, की हसता हसता तिनं समोरची गोळी पाण्याबरोबर गिळून टाकली. त्यानंतर ती रोज गोळी घेऊ लागली. अम्मा तोंड फिरवून बसत, पण पाण्याचा पेला मात्र त्याच भरून देत.

पैशाचा पहिला हप्ता काही येईना. काका रोज विचारत, रोज बँकेत जात. त्यांना अन्न गोड लागेना. "माज्या शब्दावर तिनं काम सोडलं," असं ते माझ्याकडे पुन्हा पुन्हा म्हणत आणि तिच्या खोलीसमोरून जाताना मान खाली घालत. गुपचूप अंडी आणि दूध तिच्या दारात ठेवून येत आणि कुणी पाहिलं तर म्हणत, "दुकानदारानं चुकून जास्त दिली." बँकेतल्या मुलीनं एकदा नीट तपासून उलगडा केला. पैसे कधीच आले होते. शबनमचं आधार तिच्या लग्नाआधीच्या, गावाकडच्या खात्याला जोडलेलं होतं आणि हप्ता सुखरूप तिथं जाऊन बसला होता. काका बँकेत मोठ्यानं ओरडले, "अरे, शिडी माहेराला लावली होती!" रांगेतल्या लोकांना वाटलं, कुणाची तरी मुलगी पळून गेली. घरी अम्मांनी हे ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ठीक ही तो हुआ. पहले बच्चे का पैसा मायके आएगा, और कहाँ जाएगा?"  

आणि मग तो दिवस आला. शबनम भर दुपारी, सगळ्यांची नजर चुकवून, नौशादला डबा द्यायला गोदामात आली आणि तिथंच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी ऑफिसातून धावले. सरकारी गाडीला आणि काकांना फोन केला. गाडी निघाली होती, पण नाक्यावर कंटेनरच्या रांगेत अडकली. तेवढ्यात काका टेम्पो घेऊन आलेच. अम्मा मागच्या हौद्यात उभ्या होत्या, दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरून. शबनमला गादी घालून आडवं केलं, नौशाद पुढे काकांशेजारी चढला, मी तिच्या उशाशी बसले आणि टेम्पो सुसाट फाटकापाशी आला. फाटकावरचा रखवालदार नवा होता. त्यानं हात आडवा केला.

"माल क्या है?"

"डिलिव्हरी है! अर्जंट!" काका ओरडले.

"चलान दिखाओ."

"अरे चलान कायका? डिलिव्हरी है बोला ना!"

"इनवर्ड कि आउटवर्ड?"

काकांनी कपाळावरचा घाम पुसला आणि अत्यंत प्रामाणिकपणे सांगितलं, "अबी तक इनवर्ड है. आउटवर्ड हॉस्पिटल में होगी."

रखवालदार वहीत लिहायला लागला. तेवढ्यात शबनमनं जी किंकाळी फोडली, तिनं त्याच्या हातातलं पेन पडलं आणि फाटक उघडलं.

हमरस्त्याला लागलो, तर पुढे नुसते टेम्पो, ट्रक आणि कंटेनर. समोरच्या बाजूला ती सरकारी गाडी दिसली, पण आमच्याकडे यायला तिला जागाच नव्हती. शबनमचे ओठ पांढरे पडले होते आणि तिनं माझं मनगट असं आवळलं होतं, की पुढे कितीतरी दिवस तिथं तिच्या बोटांच्या खुणा होत्या. काका भोंगा वाजवत, खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत होते, "बाजू व्हा! डिलिव्हरी हाय! डिलिव्हरी हाय!" पुढचा टेम्पोवाला मागे वळून म्हणाला, "चाचा, हमारी भी डिलिव्हरी है." त्याच्या पुढचा म्हणाला, "हमारी तो सुबह की है!" काकांनी भोंगा दाबला तो सोडलाच नाही. 

तेव्हा हौद्यात अम्मा उठून उभ्या राहिल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी त्यांच्या बोलीत जे काही सुरू केलं, त्यातला एकही शब्द मी इथं लिहू शकत नाही, आणि निम्मे तर मला कळलेही नाहीत. पण ट्रकवाले सगळे त्यांच्याच मुलखातले असावेत, त्यांना अक्षरन् अक्षर कळलं. एकेक गाडी रस्ता सोडून मातीत उतरली. एक कंटेनर तर मागे गेला, आणि हमरस्त्यावर कंटेनर मागे गेलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. सरकारी गाडी वळून आमच्यापाशी आली, शबनमला आणि मला तिच्यात घेतलं. पुढे काकांचा टेम्पो, त्यात उभ्या अम्मा, मागे आमची गाडी, अशी आमची वरात दवाखान्यात पोचली.

मुलगी झाली. शबनमला रक्त चढवावं लागलं, डॉक्टर बराच वेळ बाहेर आले नाहीत. नौशादला मध्ये घेऊन काका आणि अम्मा बाकाच्या दोन टोकांना बसून राहिले, एकही शब्द न भांडता. सगळं ठीक आहे असं नर्सनं सांगितलं, तेव्हा अम्मा उठल्या, बाहेरून दोन चहा आणले आणि एक काकांच्या हातात कोंबला. मुलीचं नाव काय ठेवायचं अशी चर्चा निघाली, तर काकांनी मातृवंदना योजनेच्या नावावरून 'वंदना' सुचवलं. अम्मांनी डोळे बारीक केले. "ये वंदना कौन है, भइया? तुम्हारी कोई पुरानी पहचान?" काका चहाच्या कपात तोंड लपवून बसले. त्यांच्या रंगावर लाली दिसणं कठीण, पण त्या दिवशी ती मला दिसली. घरी सोडायला सरकारी गाडी आली तेव्हा दारात त्यांचा टेम्पो उभा होता. तरी त्यांनी शबनमला गाडीतच बसवलं. "हक्काची हाय," म्हणाले आणि रिकामा टेम्पो घेऊन मागून हळूहळू आले.

मुलीला सगळे मुन्नीच म्हणू लागले आणि ती आमच्या अंगणात वाढली. तिला लसीचा डोस द्यायची तारीख आली, की काका पहाटेपासून कपडे घालून तयार. पण उचलून घ्या म्हटलं, की ते दोन पावलं मागे सरत. "माजे हात टेम्पोवाल्याचे. ब्रेक लागतो त्यांना, बाल लागत न्हाय," असं काहीतरी बोलून ते खुळखुळा वाजवत लांब उभे राहत. मग गोदामाचं कंत्राट बदललं. नौशादला सुरतेला काम मिळालं आणि राहायची सोय होईपर्यंत शबनम, मुन्नी आणि अम्मा यांनी गावी जायचं ठरलं. काकांनी खोलीचं भाडं कमी करून पाहिलं. नंतर भाडंच नको म्हणाले. पण काम जिथं असेल तिथं माणसांना जावंच लागतं.

त्यांना सोडायला मीही कल्याणला गेले. गाडी लागली आणि एकच धावपळ उडाली. नौशाद बोचकी खिडकीतून आत ढकलत होता, शबनम जागा धरायला चढली होती, अम्मांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि काही न विचारता मुन्नीला काकांच्या हातांत ठेवून दिलं. "पकड़ो भइया, गिराना मत," म्हणून त्या पोतं उचलायला वळल्या.

काका हललेच नाहीत. फलाटावर माणसं त्यांना धक्के देत जात होती आणि ते कोपर बाहेर काढून उभे होते. मुन्नीनं त्यांच्या मिशीचं एक टोक मुठीत धरलं होतं. त्यांनी ते सोडवलं नाही. अम्मांनी परत येऊन मुलीला घेतलं आणि दारात उभ्या राहिल्या. भांडण्यासारखं काहीच त्यांना आठवलं नसावं. गाडी हलली तशी एवढंच म्हणाल्या, "खाना टाइम पे खाना, भइया."

परतीच्या वाटेवर मी टेम्पोत काकांशेजारी बसले होते. रांजनोली नाक्याला नेहमीसारखे कंटेनर अडकले होते. काकांनी भोंगा वाजवला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोर बघत होते. रांग सुटली तेव्हा म्हणाले, "सूनबाय, वजन चांगलं भरलंय तिचं."